‘असा कायदा जगात कुठे आहे?’ विचारताच आहात, तर जग बघूच

पुनावळ्यात दर रविवारी संध्याकाळी आमचा अभ्यासवर्ग भरतो. दहा-बारा पोरं-पोरी असतात. कुणी हिंजवडीत कामाला, कुणी चाकणच्या कंपनीत पाळीवर, दोघं-तिघं कॉलेजात. गेल्या महिन्यात त्यातला एक जण, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा, तोंड पाडून आला. त्याच्या कॉलेजात निरनिराळ्या देशांच्या फौजदारी कायद्यांची तुलना या विषयावर व्याख्यान झालं होतं. इंग्लंड-अमेरिकेत दोन्ही पक्ष भांडतात आणि न्यायाधीश पंच असतो, जर्मनी-फ्रान्सकडे न्यायाधीशच प्रश्न विचारून खटला पुढे नेतो, ज्युरी कुठे आहे, फाशी कुठे नाही, सगळं झालं. शेवटी एकाने उठून विचारलं, ‘सर, अ‍ॅट्रॉसिटीसारखा कायदा जगात कुठेच नाही ना?’ सर म्हणाले, ‘नाही, ती आपलीच खासियत.’ वर्ग हसला. आमचा पोरगा खाली बघत बसला.

मला म्हणाला, ‘ताई, मी काय उत्तर द्यायला हवं होतं?’

त्याला त्या दिवशी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते इथे नीट लिहितेय. कारण हे वाक्य एका वर्गातलं नाही. २०१६ साली राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले तेव्हाही ते होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ते दर पंधरा दिवसांनी येतं, आणि आपल्यातले शिकलेलेसुद्धा त्यावर ‘आपल्याकडे जात आहे म्हणून कायदा आहे’ एवढं बोलून थांबतात. ते उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्यात आपण नकळत मान्य करतो की जगात खरोखर असा कायदा नाही.

तो आहे, आणि अनेक ठिकाणी आहे. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं की वंशद्वेषाचा गुन्हा जामिनास अपात्र आहे आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही, म्हणजे कितीही वर्षांनी खटला चालवता येतो. त्या आधारावर जानेवारी १९८९ मध्ये तिथे कायदा झाला. तो मांडणारा कार्लोस अल्बेर्तो काओ हा कृष्णवर्णीय खासदार, म्हणून लोक त्याला काओ कायदाच म्हणतात. आपला अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच वर्षी सप्टेंबरचा. इंग्लंडने वांशिक द्वेषातून केलेल्या मारहाणीला, धमकीला, नासधुशीला जास्त शिक्षा देणारी कलमं १९९८ मध्ये आणली. अमेरिकेत १९६८ चा एक त्रोटक केंद्रीय कायदा होता. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांचा खरा व्यापक कायदा २००९ मध्ये आला. जर्मनीने शिक्षा ठरवताना वंशद्वेषी हेतू विचारात घ्यायचा असं दंडसंहितेत स्पष्ट लिहिलं ते २०१५ मध्ये. म्हणजे १९८९ साली भारत जगाच्या मागे नव्हता, बऱ्याच देशांच्या पुढे होता. कायदा पुस्तकात पुढे होता, एवढंच म्हणते. ठाण्यात काय होतं ते पुढे येईलच.

‘तुलनात्मक फौजदारी कायदा’ म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, हा मोठ्या लॉ स्कूलमधल्या इंग्रजाळलेल्यांचा विषय. या विषयात भारतातला एक थोर अभ्यासक होऊन गेला, त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर, हे त्यांना कुणी सांगत नाही. पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीला अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना दिली, ती काढून वाचा. आपण स्वतंत्र मतदारसंघाच्या वादापाशी थांबतो, म्हणून तिच्यातल्या फौजदारी कलमांकडे आपलं लक्षच जात नाही. समान हक्क कागदावर देऊन चालणार नाही, ते हिरावणाऱ्याला शिक्षा हवी, असं बाबासाहेब म्हणतात आणि मसुदा देतात. हा मसुदा त्यांनी घेतला अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांतून, गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसांसाठी केलेल्या कायद्यांतून. आणि नुसता उतरवून घेतला नाही. अमेरिकन कायद्यात खानावळी, वाहनं, नाटकगृहं होती. बाबासाहेबांनी त्यात रस्ते, शाळा, विहिरी, तळी घातली. जिथे ‘पूर्वीची गुलामगिरी’ होती तिथे ‘पूर्वीची अस्पृश्यता’ आली. महाडचं चवदार तळं डोळ्यांसमोर असलेल्या माणसाने वॉशिंग्टनचा कायदा कसा वाचला, ते यात दिसतं.

सामाजिक बहिष्काराचंही तसंच. महाडनंतर गावोगाव आपल्या लोकांचं काम बंद, दुकान बंद, रस्ता बंद झाला. त्यावर स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात लिहिलं, आणि त्या समितीत बाबासाहेब स्वतः सदस्य होते. मारहाणीला कलम होतं. पण पीठ दळून न देणाऱ्या गावाला कुठलं कलम लावणार? बाबासाहेबांनी शोधून काढला १९२२ चा बर्मामधला बहिष्कारविरोधी कायदा. तो इंग्रजांनी स्वतःच्या राजकीय सोयीसाठी केला होता, अस्पृश्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बाबासाहेबांनी तो उचलला, गोलमेज परिषदेत मांडला आणि १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पुन्हा मांडला. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतःचा स्वतंत्र कायदा करायला २०१६ उजाडलं. जगातून काय घ्यायचं आणि कशासाठी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. सरांच्या व्याख्यानात ते आले नाहीत, कारण सरांच्या पुस्तकात ते नाहीत.

त्या अमेरिकन कायद्याचं पुढे काय झालं, हे मात्र आपण मन लावून वाचलं पाहिजे. १८७५ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली यांचं म्हणणं असं की, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा लाडका असणं सोडून साधा नागरिक व्हायला हवं. गुलामगिरी संपून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती! ‘किती दिवस सवलती घेणार?’ हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं वाटत होतं ना? त्याचं वय एकशे चाळीस वर्षांच्या पुढे आहे. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवलं. खानावळीत, बसमध्ये, नाटकगृहात समान वागणूक देणारा केंद्रीय कायदा परत यायला १९६४ साल उजाडलं. एक्याऐंशी वर्षं.

आपल्याकडे २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन खटल्यात निकाल दिला. तारीख पाहिलीत? चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. खटला आपल्याच साताऱ्यातला, कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातल्या नोकरीच्या वादातून उभा राहिलेला. निकाल असा की अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, आणि अटकपूर्व जामिनाला मोकळी वाट. हा कायदा जातिवाद टिकवणारा ठरू नये, अशी काळजीही त्यात होती. ब्रॅडली साहेबांची आठवण यावी असाच सूर. फरक पुढे पडला. २ एप्रिलला देश बंद झाला, उत्तरेत पोरं गोळ्या खाऊन मेली, ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ घालावं लागलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आपलेच निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला दुरुस्ती वैध ठरवली. अमेरिकेला एक्याऐंशी वर्षं लागली ते आपण दोन वर्षांत केलं. ज्यांनी केलं त्यांच्यातल्या कित्येकांवर त्या दिवसाचे गुन्हे दाखल झाले. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या तुलनेत हे येत नाही.

आता अटकपूर्व जामीन. ‘तो नाकारणं म्हणजे हुकूमशाही’ असं सांगतात. अटकपूर्व जामीन या नावाची सोय इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात नाही. आपल्याकडेही १८९८ च्या संहितेत ती नव्हती, १९७३ च्या संहितेत आली. उत्तर प्रदेशात आणीबाणीत, १९७६ मध्ये, ती सगळ्यांसाठीच काढून टाकली आणि २०१९ मध्ये परत आणली. चाळीसहून जास्त वर्षं देशातल्या सगळ्यात मोठ्या राज्यात कुठल्याच गुन्ह्याला अटकपूर्व जामीन नव्हता. त्यासाठी लाखांचा मोर्चा निघाल्याचं कुणाला आठवतं का? बरं, ते लांब झालं. पिंपरी-चिंचवडचं वर्तमानपत्र उघडा, आठवड्याला एखाद्या टोळीवर मोक्का लागलेला असतो. मोक्का १९९९ चा, महाराष्ट्राचाच, आणि त्यातही अटकपूर्व जामीन नाही. मोक्का लागला की आपल्या सोसायट्यांचे ग्रुप टाळ्या वाजवतात. गैरवापराची काळजी त्यांना एकाच कायद्यात वाटते. म्हणजे अडचण जामिनाची नाही. त्या कायद्याखाली कुणाला आत जावं लागू शकतं, त्याची आहे.

इथपर्यंत उत्तर सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तिथे जग आपल्याला काही शिकवतं.

उन्हाळ्यात पुनावळ्याचा कारभार टँकरवर चालतो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्या. अशाच एका इमारतीत साफसफाईला असणाऱ्या आपल्या एका बाईने टँकर रिकामा होताना पाइपाखाली बादली धरली. त्यावरून गेटवर तिला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली, ढकललं, हाताला लागलं. आम्ही तिच्यासोबत ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने एनसी लिहायला घेतली. मी म्हटलं, साहेब, हा दखलपात्र गुन्हा आहे, १८-अ प्रमाणे प्राथमिक चौकशीही लागत नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, वाद टँकरचा होता ना? मग यात जात कुठे आली?’

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. अत्याचाराच्या खटल्यांची धार याच दगडावर बोथट होते. वाद टँकरचा, वाद बांधाचा, वाद पार्किंगचा, वाद प्रेमप्रकरणाचा. जून २०२० मध्ये इथून काही किलोमीटरवर, पिंपळे सौदागरला विराज जगताप या वीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला, तेव्हा मथळे काय होते? ‘प्रेमप्रकरणातून खून.’ जणू प्रेमाला आणि जातीला एकमेकांची ओळखच नाही.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. सुरेखाताईंनी स्वतःची शेती राखली, त्यातून रस्ता मागणाऱ्या गावाशी वाद झाला, पुढे एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी आणि प्रियंकाने आरोपी ओळखले. ते आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी कुटुंब संपवलं गेलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम सिद्ध झालं नाही. हा सूड होता, जातीय अत्याचार नव्हता. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. सूड कशाचा? एका महार बाईने गावातल्या माणसांकडे बोट दाखवून ‘हेच ते’ म्हटलं, याचा. सवर्ण बाईने तसं बोट दाखवलं असतं तर अख्खा जमाव घरावर गेला असता का, हा प्रश्न निकालाला पडला नाही.

सरांनी इंग्लंड शिकवताना इथे थांबायला हवं होतं. तिथल्या १९९८ च्या कायद्याचं कलम २८ दोन मार्ग देतं. एक, गुन्ह्यामागचा हेतू पूर्णतः किंवा अंशतः वांशिक द्वेषाचा असला की पुरे. दोन, हेतू कुठलाही असो, गुन्ह्याच्या वेळी किंवा लगेच आधी-नंतर आरोपीने वंशावरून द्वेष दाखवला, तरी पुरे. आणि त्याच कलमात पुढे साफ लिहिलंय की द्वेषाला दुसरंही काही कारण होतं, याने फरक पडत नाही. म्हणजे तिथे पार्किंगवरून भांडण झालं आणि मारताना वंशावरून शिवी दिली, तर ‘वाद पार्किंगचा होता’ हा बचाव उभाच राहत नाही. आमच्या त्या बाईची केस इंग्लंडच्या ठाण्यात गेली असती, तर अंमलदाराला तो प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

आपल्या कायद्यातली मेख ‘या कारणावरून’ या शब्दांत होती. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा, माणूस अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ केलेला असला तरच जन्मठेपेचं कलम ३(२)(व्ही) लागायचं. न्यायालयांनी ते ‘केवळ याच कारणावरून’ असं वाचलं. केवळ जातीसाठी खून कोण करतो? खुनाला नेहमीच काहीतरी निमित्त असतं, मोटरसायकल, विहीर, मोबाइलची रिंगटोन. २०१५ च्या दुरुस्तीने ते शब्द काढले. २६ जानेवारी २०१६ पासून पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला तरी हे कलम लागतं. कलम ८ मध्ये भर घातली की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असं न्यायालयाने धरून चालायचं. नव्हती हे आरोपीने सिद्ध करावं. या बाबतीत आपला कायदा आज इंग्लंडच्याही पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२१ मध्ये पाटन जमाल वली खटल्यात सांगितलं की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, जात, बाईपण, अपंगत्व एकत्र येऊन अत्याचार घडतो. पीडिता अंध दलित मुलगी होती. एवढं सांगूनही त्या खटल्यात पुराव्याअभावी अ‍ॅट्रॉसिटीची शिक्षा रद्दच झाली. पुरावा का नव्हता? तपास करणाऱ्यांनी जातीचा पुरावा गोळाच केला नव्हता. कायदा बदलला, तपासाची सवय तीच राहिली. त्यात नोव्हेंबर २०२० चा हितेश वर्मा निकाल आहेच. मालमत्तेचा वाद आणि घराच्या चार भिंतींच्या आतली शिवी, असं म्हणून तिथे अ‍ॅट्रॉसिटीची कलमं काढली गेली. ठाण्यात तो निकाल सगळ्यांना पाठ आहे. पाटन जमाल वलीचं नाव मी काढलं तर ‘ते स्पेलिंग सांगा’ म्हणाले.

ही सवय कशी मोडते, याचंही उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. २२ एप्रिल १९९३ ला लंडनच्या एल्थममध्ये बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांनी भोसकलं. नावं लगेच पुढे आली होती, पोलिसांनी अटकेला उशीर केला, सोबतच्या मित्रालाच संशयाने वागवलं. आईबाप हटले नाहीत. सहा वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, न्यायमूर्ती मॅकफर्सन यांच्या चौकशीचा अहवाल आला. त्यात लंडन पोलीस दलालाच संस्थात्मक वंशवादाचं दूषण दिलं गेलं. एकटा-दुकटा पोलीस वाईट आहे असं म्हणून सोडलं नाही, रोजच्या कामाच्या पद्धतीतच वंशवाद आहे, असं म्हटलं. आणि एक साधी व्याख्या दिली: पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशवादी वाटली, तर तिची नोंद वंशवादी म्हणूनच करायची. मग तपास करा, सिद्ध होवो न होवो. नोंद अडवायची नाही. पुढे त्यांनी एकाच गुन्ह्यात दोनदा खटला नाही हा शेकडो वर्षांचा नियमही गंभीर गुन्ह्यांपुरता शिथिल केला, आणि जानेवारी २०१२ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. एकोणीस वर्षांनी. मी इंग्लंडची आरती ओवाळत नाहीये. २०२३ च्या केसी अहवालाने तेच पोलीस दल अजूनही तसंच असल्याचं सांगितलं, आणि जातीभेदाला समता कायद्यात घालायचं आश्वासन त्याच सरकारने २०१८ मध्ये गुंडाळलं. ते कुणाच्या दबावामुळे, हे लंडनमधल्या आपल्या लोकांना विचारा. पण खैरलांजीनंतर महाराष्ट्र पोलिसांच्या कामाच्या पद्धतीत जात किती मुरलेली आहे, यावर मॅकफर्सनच्या तोडीचा एक अहवाल दाखवा. हवालदार-उपनिरीक्षक निलंबित होतात, फाइल बंद होते.

जर्मनीत वेगळंच घडलं आणि आपल्याला ते फार ओळखीचं वाटेल. २००० ते २००७ या काळात नवनाझी टोळीने दहा जणांना मारलं, त्यातले आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक, एक पोलीस बाई. पोलिसांनी वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या घरच्यांनाच छळलं: नवरा ड्रग्ज विकायचा का, बाहेर भानगड होती का, माफियाशी देणंघेणं होतं का. २०११ मध्ये टोळी उघडकीला आली तेव्हा कळलं की विधवा खरं बोलत होत्या. आता खैरलांजीत सुरेखाताईंच्या चारित्र्याबद्दल पहिल्या आठवड्यात काय-काय पसरवलं गेलं ते आठवा. देश वेगळा, भाषा वेगळी. मेलेल्यालाच आरोपी करण्याची पद्धत एकच.

साक्षीदारांबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येत नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या बाईशी बोलल्याच्या रागातून मारलं. (त्याच वर्षी आपल्याकडे अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला.) त्याचे आजोबा-नात्याचे मोज राइट भर न्यायालयात उभे राहिले, गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवलं. गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात आरोपी सोडले. मोज राइट यांना गाव सोडून शिकागोला जावं लागलं. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यात, खर्ड्याला, नितीन आगे या शाळकरी मुलाला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून झाडाला लटकवलं. शाळेच्या आवारातून त्याला मारत नेलं होतं, बघणारे कमी नव्हते. साक्षीदार एकामागून एक फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे नऊ आरोपी निर्दोष सुटले. आपल्याकडे ज्युरी नाही, हे खरं. पण सगळं गावच ज्युरी होऊन बसलं तर?

त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात कोपर्डीचा निकाल लागला. तिघांना फाशी, घटनेपासून सोळा महिन्यांत. त्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता आणि तो वेळेत मिळाला हे चांगलंच झालं. याबद्दल आपल्या मनात किंतु असता कामा नये. म्हणूनच विचारायचं: ज्या व्यवस्थेला सोळा महिन्यांत साक्षीदार सांभाळता येतात, नामवंत सरकारी वकील देता येतो, तिला नितीनच्या साडेतीन वर्षांत ते का जमलं नाही? न्यायालय एक, जिल्हा एक, महिना एक. यासाठी लंडन-बर्लिनला जायची गरज नाही, तुलनात्मक अभ्यास नगरमध्येच पूर्ण होतो.

थोडं आपल्या माणसांनाही बोलायचं आहे, राग आला तरी चालेल. प्रत्येक घटनेनंतर आपल्या फलकावर पहिला शब्द ‘फाशी’ असतो. खैरलांजीत फाशी झाली आणि त्या आवाजात जात निकालातून गळून गेली. घटना समितीत जून १९४९ मध्ये फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालली असताना बाबासाहेबांनी फाशीच रद्द करावी, या बाजूने मत दिलं होतं, या देशाच्या अहिंसेच्या परंपरेचा हवाला देऊन. बुद्धाची लेकरं म्हणवणाऱ्यांनी तेवढं तरी विसरू नये. फाशी मागायला फलक पुरतो. पण तपास सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच आहे का, साठ दिवसांत आरोपपत्र गेलं का, जातीचा दाखला जोडला का, आरोपी पीडिताला ओळखत होता हे जबाबात आलं का, जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळाली का, साक्षीदाराला कलम १५-अ प्रमाणे संरक्षण आणि प्रवासखर्च मागितला का, हे बघायला माणूस लागतो, आणि तो तीन-तीन वर्षं लागतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजे येतो. त्यातला चौथा हिस्सा साक्षीदारांच्या तारखांच्या रिक्षाभाड्याला गेला तर? २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. नोंदले गेलेले, हं. एनसीत बुडालेले वेगळे.

कायद्याच्या त्या पोराला मी एक काम दिलंय. सरांना पुढच्या तासाला एवढंच विचार: कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला आपल्या कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, पण त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. अमेरिकेत १८६६ च्या त्या कायद्यातून आलेलं कलम आजही वर्दीतल्या माणसाने हक्क हिरावला तर लागतं, जॉर्ज फ्लॉइडला मारणाऱ्या पोलिसाला ते लागलं आणि त्याने गुन्हा कबूल केला. आपल्याकडचं कलम ४ किती ठाणेदारांना लागलं? ही तुलना शिकवाल का?

टँकरवाल्या बाईंचा गुन्हा दोन दिवस हेलपाटे घातल्यावर दाखल झाला. आठवड्याभरात कंत्राटदाराने त्यांना वाकडपलीकडच्या दुसऱ्या साइटवर पाठवलं. आता कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतात. शेजारच्या इमारतीचा वॉचमन, ज्याने सगळं पाहिलं, तो म्हणतो, ‘ताई, मी त्या वेळी चहाला गेलो होतो.’ येत्या रविवारी पाच वाजता मी एफआयआरची प्रत घेऊन येतेय. ३(१)(आर) आणि (एस) लावलेत, दुखापतीसाठीचं ३(२)(व्हीए) सोडून दिलंय. ते घालून घ्यायचा अर्ज आपण तिथेच बसून लिहू. ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याने कोरे कागद आणावेत.